सव्वा लाखाची मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची. लाख नाही, दीड लाख नाही, सव्वाच का, हा प्रश्न परवापासून डोक्यातून जात नाही.

आईच्या पोटात विसाव्या आठवड्याच्या सुमारास मुलीच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मताना दहा ते वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली जेमतेम चार-पाचशे आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरतात. म्हणजे सव्वा लाखाचा आकडाही प्रत्येकीच्या आयुष्यात येऊन जात असणार. बहुधा ऐन विशीत, कामाच्या धबडग्यात, तिला पत्ताही न लागता.

माझ्या भाचीने मूठ उघडून पाहिली, म्हणजे बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी करून घेतली. पाळीचा दुसरा-तिसरा दिवस गाठावा लागतो तो एफएसएच या हार्मोनसाठी. एएमएच या दुसऱ्या हार्मोनसाठी रक्त कधीही देता येतं. तिच्या एएमएचचा ‘०.८’ हा आकडा ठळक छापलेला, शेजारी ‘नॉर्मल’ची चौकट. पण हे हार्मोन सोडतात त्या वाढीला लागलेल्या लहान पुटिकांच्या पेशी. निजलेल्या बीजांची संख्या त्यावरून फक्त ताडायची. बीजांचा कस त्यातून कळत नाही, तो बराचसा वयावर. आयव्हीएफ करायचं तर इंजेक्शनांनी किती बीजं हाती लागतील, याचा अंदाज मात्र येतो. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या तीस ते चव्वेचाळीस वयाच्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना आपसूक दिवस राहण्याची शक्यता त्यात कमी दिसली नाही. मग उघडलं ते काय?

आमच्या आत्याची मूठ कोणी उघडली नाही, तरी ती रिकामी आहे हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिची कूस उजवली नाही. बारशाला ती पहाटेपासून राबायची, पुरणाचा घाट तिचाच असायचा. नाव ठेवायची वेळ झाली की कोणीतरी तिला हळूच आत काहीतरी आणायला पाठवायचं. ती जायची. पाळण्याच्या दोरीला तिचा हात लागलेला मी पाहिला नाही. तिच्या यजमानांची, काकांची तपासणी करावी, असं कोणाच्या तोंडून निघालंच नाही.

तिच्या काळी ही तपासणी असती तर? आकडा चांगला आला असता तर घरच्यांनी काकांकडे पाहिलं असतं, की नुसतं नशिबाकडे? आणि कमी आला असता तर टोमण्यांना कागदाचा आधार मिळाला असता. झाकलेल्या मुठीने तिला काही वाचवलं नाही, एवढं मला दिसतं. उघडीने वाचवलं असतं का, ते दिसत नाही.

भाची म्हणाली, ‘‘मावशी, निदान कळलं तरी.’’ मी हो म्हणाले. आत्यानेही हेच म्हटलं असतं, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, तिने आधी विचारलं असतं, कागद आणखी कोणी पाहिला का. भाचीला मी तेच विचारायला हवं होतं, की मुळीच विचारायला नको, हे मला ठरवता येत नाही.