झाशीचं जंगल, आकाशातून

मराठी माणूस झाशीला उतरतो तो राणीचा किल्ला पाहायला. तो झाला की पावलं वळतात बेतवाकाठच्या ओरछाकडे. अंतर जेमतेम 18 किलोमीटर, पण वाटेत उत्तर प्रदेश संपून मध्य प्रदेश लागतो. बुंदेला राजांच्या छत्र्यांवर बसलेली गिधाडं पाहावीत आणि अरुंद पूल ओलांडून पलीकडच्या अभयारण्यात शिरावं.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर मात्र मन खट्टू होईल. साग, धावडा, पळस, सारे उघडेबोडके! जंगल मेलेलं नाही. बुंदेलखंडातलं पानझडी रान उन्हाळ्यात असंच दिसतं. उपग्रहही इथे फसू शकतो. म्हणून देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोजणीसाठी ऑक्टोबर ते डिसेंबरची छायाचित्रं पसंत करते. तेव्हा ढग सरलेले असतात, पानं अजून फांदीवर असतात.

1987 पासून साधारण दर दोन वर्षांनी या संस्थेचा अहवाल निघतो. त्यातली मेख अशी की एक हेक्टर वा अधिक जागेवर झाडांचं छत्र 10 टक्के असलं की ती जागा वनाच्छादनात जमा. मालक कोण, झाड कोणतं, हा प्रश्नच नाही. आमराईसुद्धा चालते! म्हणजे एकीकडे जुनं रान तुटलं आणि दुसरीकडे बागा वाढल्या, तरी बेरीज तीच राहू शकते.

झाशीतच 1988 मध्ये सुरू झालेली, आज केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ उपग्रहचित्रांतून शेतांमधली झाडं शोधतात. सरपण, चारा, सावली देणारी ही झाडं शेतकऱ्याला हवीतच. पण बांधावरचा कडुनिंब म्हणजे चितळाचं घर नव्हे. त्याला सलग रान लागतं, आणि ते किती सलग उरलंय हे टक्केवारी सांगत नाही. तुकडा केवढा, शेजारचा किती लांब, मध्ये रस्ता की शेत, हे चित्रातच पाहावं लागतं.

हा प्रश्न आता झाशीच्या दाराशी आला आहे. डिसेंबर 2024 मध्ये केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी झाली. त्याचं पाणी झाशी जिल्ह्यातल्या तहानलेल्या शेतांनाही मिळायचं आहे, आणि त्याच्या धरणाखाली पन्ना व्याघ्रप्रकल्पाचं रान बुडायचं आहे. 2009 मध्ये एकही वाघ न उरलेल्या याच पन्नात पुन्हा वाघ आणून वसवले गेले होते.

ओरछाला निघण्याआधी इस्रोचं ‘भुवन’ हे संकेतस्थळ उघडा. बेतवा आणि जामनी या दोन नद्यांमधलं अभयारण्य बेटासारखं दिसेल. तिथून पूर्वेला पन्नापर्यंत बोट फिरवत न्या, आणि वाटेत रान किती वेळा तुटतं ते मुलांना मोजायला सांगा.