शिक्रा नव्हे, पावशा

देऊळघाट,
नागपंचमी

चि. भाचीस,


फोटो मिळाला. सातभाई शिक्र्याच्या पिल्लाला भरवतायत, असं तू लिहिलंस. अगं, शिक्रा थव्यात उतरला असता तर सातभाईंनी कालवा करून रान डोक्यावर घेतलं असतं. इथे तर ते त्याच्या चोचीत अळ्या कोंबतायत. तो पावशा आहे.

रूप फसवंच म्हणा. राखाडी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे, उडण्याची ढबही शिक्र्याची. पिल्लाच्या छातीवरच्या तपकिरी खुणासुद्धा तशाच. पण फोटो मोठा करून चोच बघ. शिक्र्याची आखूड, आकड्यासारखी वळलेली असते; ह्याची जवळजवळ सरळ. मग पाय. दोन बोटं पुढे, दोन मागे; शिकारी नखं नाहीत.

मृगाआधी पैनगंगेकाठच्या झाडांतून चढत्या सुरात 'पेरते व्हा' म्हणणारा हाच. चांदण्या रात्रीही ओरडतो. आवाज सगळ्या गावाला ठाऊक, पण पक्षी पाहिलेला माणूस विरळा, कारण तो पानांआड हलत नाही. म्हणून मी त्याच्या मागे धावत नाही, सातभाईंवर नजर ठेवतो; तो अंडं घालतो त्यांच्याच घरट्यात.

पावशाचं अंडं निळं, सातभाईंचंही निळं. चातकही सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतो आणि तीही निळी! तेव्हा अंड्यावरून नाव सांगू नये, आणि त्यासाठी घरट्यात तर मुळीच डोकावू नये. मोठा चातक ओळखायला सोपा: काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखात पांढरा डाग. तो पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं 2020 मध्ये दोन चातकांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले होते, ते ह्याच प्रवासासाठी. पावशा मात्र इथलाच.

सातभाईंत पिल्लं वाढवायला आईबाप एकटे नसतात, थव्यातले इतरही घास आणतात. पावशाला असं भरलं घर आयतं मिळतं, म्हणून लोक त्याला आळशी म्हणतात. मला नाही पटत. एवढ्या डोळ्यांचा पहारा चुकवून नेमक्या वेळी अंडं घालणं हे आळशाचं काम नव्हे.

पुढल्या खेपेला नुसता फोटो नको. किती सातभाई त्याला भरवतात, काय भरवतात आणि थव्यात त्यांची स्वतःची पिल्लं दिसतात का, एवढं वहीत टिपून ठेव. येताना तुझी दुर्बीण आण, माझ्या भिंगांना बुरशी धरली आहे.

तुझा,
मामा