मुलुंडची श्वानमंडळी

वाचकहो, मुंबईचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे गेट वे, राणीची बाग आणि चौपाटी उभी राहते. माझेही तसेच होते. गेल्या हिवाळ्यात पुतण्याच्या मुलीच्या बारशासाठी मुलुंडला गेलो, आठवडाभर राहिलो आणि यांपैकी एकही ठिकाण न पाहता परत आलो. पाहिले ते निराळेच. ते आपल्या कामाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहाटे पाचला उठण्याची आपली सवय मुंबईत गेले तरी सुटत नाही. पुतण्याचे घर मुलुंडच्या पश्चिम अंगाला आहे. रस्ता संपतो तेथे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो. हवा गार होती. रस्त्याच्या टोकाला सात-आठ माणसे उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कुत्रे. एक लॅब्राडोर, एक पांढरे झुबकेदार पामेरियन, एक काळा जर्मन शेफर्ड, बाकीची आपल्या वाडीवर असतात तशी गावठी. एक उंच, बारीक कमरेचे कुत्रे पाहून मी थबकलोच. ते आपले कारवानी होते. पश्मी म्हणतात ते, धनगरांच्या वाड्यावरचे, सशामागे वाऱ्यासारखे धावणारे. मी त्याच्या मालकाला म्हटले, "हे आमच्या मुलखातलं कुत्रं इथं कसं?" त्यावर ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "काका, मग तुम्हीच सांगा याला काय खायला घालतात. आम्ही चार महिने चुकतोय." तेथून आमची ओळख झाली, ती आठवडाभर टिकली.

अनुभव सांगा, औषध सांगू नका

ही मंडळी काही नोंदणी केलेली संस्था नव्हे. निवृत्त बँक कारकून, दोन गृहिणी, एक रिक्षावाला, एक शाळामास्तर, रात्रपाळी करून आलेला तरुण. जात वेगळी, भाषा वेगळी, मजला वेगळा. सकाळी पाऊण तास एकत्र येतात आणि आपापल्या जनावराची अडचण मांडतात. अगदी आपले शेतकरी चर्चामंडळ! फरक इतकाच, की बोंडअळीच्या जागी येथे गोचीड आणि खताच्या जागी खुराक.

त्या कारकुनांकडे एक जाड वही आहे. तिच्यात प्रत्येक कुत्र्याचे पान आहे. जन्म केव्हाचा, जंताचे औषध केव्हा दिले, लस केव्हा टोचली, पुढची केव्हा, सारे लिहिलेले. तारीख जवळ आली की ते आठवण करतात. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी तीच पुन्हा, तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. हे वेळापत्रक तेथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे.

त्यांचा एक नियम मला फार आवडला. अनुभव सांगायचा, औषध सांगायचे नाही. हा नियम ठेच लागून आलेला आहे. मंडळीतल्या एका बाईंनी कोणाच्या तरी सांगण्यावरून तापलेल्या कुत्र्याला माणसांची पॅरासिटामॉलची गोळी दिली. ही गोळी कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला बाधते. कुत्रे मरता मरता वाचले. तेव्हापासून "माझ्या कुत्र्याला असं झालं होतं, मी अमुक ठिकाणी नेलं" इतकेच बोलायचे, गोळीचे नाव डॉक्टरने घ्यायचे. आपल्याकडे दोन कीटकनाशके एकत्र करून फवारा म्हणणारे सल्लागार गल्लोगल्ली भेटतात, त्यांनी हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

आणखी एक गोष्ट ऐकून तर मी चकितच झालो. रिक्षावाल्याच्या गावठी कुत्रीला गोचीडताप झाला. आपल्या संकरित गाईला होतो त्याच्या जातकुळीतलाच हा रोग. ताप येतो, खाणे सुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी लघवी काळपट लाल होते. रक्त इतके कमी झाले की बाहेरून देण्याची वेळ आली. तेव्हा शाळामास्तरांच्या लॅब्राडोरने रक्त दिले. धडधाकट, वजनदार आणि लसी झालेल्या कुत्र्याचे रक्त तपासून दुसऱ्याला देता येते. कुत्रीला परळला नेले, एकाने रिक्षा हाकली, एकीने मांडीवर डोके धरले. परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच काळात दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने उभारलेले बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय आहे. ती कुत्री मी पाहिली. शेपूट हलवीत माझे जोडे हुंगून गेली.

गोऱ्हा आणि कुत्रा

रात्रपाळीवाल्या तरुणाचे पिल्लू घरी एकटे राहिले की दार ओरबाडी, भुंकून मजला डोक्यावर घेई. शेजाऱ्यांनी तक्रार केली. तो रडकुंडीला आला होता. मंडळीतल्या जुन्या जाणत्या बाईंनी त्याला सांगितले, "आज दोनच मिनिटं बाहेर जा आणि परत ये. दोन दिवसांनी पाच मिनिटं. मग दहा. जाताना गाजावाजा नको, आल्यावर लाड नको. गप्प बसलं तर तेव्हाच तुकडा दे, मागाहून नाही."

मला हसू आले. आपण तरी गोऱ्हा कसा शिकवतो? पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मानेवर रिकामे जू, मग हलका ओंडका, मग मऊ जमीन, सोबत जाणता बैल. चांगले केले की लगेच पाठीवर थाप. जो शेतकरी गोऱ्ह्याला मारून शिकवतो, त्याचा बैल जन्मभर बुजरा राहतो. कुत्र्याचेही तेच. मग वाचकहो, बैलाशी इतक्या शहाणपणाने वागणारे आपण, कुत्र्याला मात्र दगड आणि लाथ एवढीच भाषा का शिकवतो?

घाटकोपर, अंधेरी, बोरिवली

मुलुंडच्या मंडळींनी माझी गोडी पाहून रविवारी आपल्या ओळखीच्यांकडे धाडले. आधी लोकलने घाटकोपर. तेथे डोंगरउतारावर चाळी आणि झोपड्यांची दाटी आहे. कुत्रे कोणा एकाचे नाही, गल्लीचे आहे. सकाळचे पाव चहावाल्याकडून, रात्रीचा भात शिवणकाम करणाऱ्या मावशींकडून. त्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खाच दिसली. ती खूण म्हणजे त्याची नसबंदी झाली आणि रेबीजची लस टोचली. अशी कुत्री पकडून, शस्त्रक्रिया करून पुन्हा त्याच गल्लीत सोडण्याची पद्धत केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी घालून दिली, २०२३ साली ते नियम नव्याने आले. त्याच जागी का सोडायचे? कारण जागा मोकळी झाली की बाहेरची बिनलशीची कुत्री तेथे येतात. लस टोचलेले गल्लीचे कुत्रे हा एक प्रकारे गल्लीचा बांधच. मुंबईने पूर्वी मारून पाहिले आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी लोक चिडले आणि कोटात दंगल झाली. कुत्री मात्र संपली नाहीत.

घाटकोपरहून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरीला गेलो. घाटकोपरचा डोंगर मागे पडला आणि उंच इमारती सुरू झाल्या. येथे भांडण लिफ्टचे. कुत्रे लिफ्टमध्ये नको, जिन्यात घाण नको. येथल्या मालकांनी आपसांत ठरवले आहे, की घाण ज्याची त्याने कागदात उचलायची, गर्दीच्या वेळी लिफ्ट टाळायची, महापालिकेचा परवाना प्रत्येकाने काढायचा. तक्रार करणाऱ्या आजोबांना त्यांनी भांडून नव्हे, तर सकाळचा चहा पाजून जिंकले म्हणे.

तेथून बोरिवली. येथे घरांच्या भिंतीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात बिबटे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की येथले सुमारे ३५ बिबटे वर्षाला दीड हजारांच्या घरात कुत्री खातात. कचरा पडला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून येथले लोक अंधार पडायच्या आत कुत्रे घरात घेतात आणि उष्टे बाहेर टाकत नाहीत. जुन्नर, शिरूर, संगमनेरकडच्या ऊसवाल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. रात्री अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे राखण करीत नाही. ते बिबट्याला दिलेले आमंत्रण असते. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकणे हेही तसेच.

एक न विचारलेला प्रश्न

आता मनातले सांगतो. मुलुंडच्या त्या वहीकडे पाहताना मला एक वस्ती आठवली. नाव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी त्या वस्तीवर कपाशीच्या बियाण्याची माहिती द्यायला गेलो होतो. ओसरीवर बसलो, चहा घेतला. खांबाला कुत्रे बांधलेले होते आणि त्याच्याशी नऊ-दहा वर्षांचा मुलगा खेळत होता. मी बियाण्यावर तासभर बोललो. कुत्र्याला लस टोचली का, हे विचारले नाही. माझे खाते शेतीचे, कुत्र्याचे नव्हे, असे मला वाटले असावे. पुढे ते कुत्रे पिसाळले. मुलाच्या पोटरीला नुसता ओरखडा होता. घरच्यांनी त्यावर तिखट भरले आणि मांत्रिकाकडून दोरा बांधून आणला. दीड महिन्याने मुलगा पाण्याला भिऊ लागला. त्यानंतर कोणाच्याच हाती काही नव्हते.

फ्रान्समध्ये १८८५ साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेले कुत्रे चावलेल्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. आमच्या वस्तीवरचा मुलगा त्याच वयाचा. मधे शंभराहून अधिक वर्षे गेली होती. लस होती, दवाखानाही होता. नव्हती ती एक वही, आणि विचारणारा एक शेजारी.

आपल्या गावात काय करता येईल?

फार काही लागत नाही. दूध संस्थेत किंवा बचत गटात एक वही घाला. गावातल्या प्रत्येक कुत्र्याचे पान उघडा, राखणीचे असो की गल्लीचे. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्याच्या आधी सरपंचांमार्फत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र द्या आणि गावात लसीकरण ठेवा. जनावर आजारी असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारा.

कुत्रे चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद, तेल काही भरू नका. तसेच उठून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेत निराळे इंजेक्शनही देतात. कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण त्या निकालाची वाट पाहत लस थांबवू नका. गाय-म्हैस चावली गेली तरी जखम अशीच धुवा आणि डॉक्टरांना बोलवा.

गोचीड काढायला रॉकेल किंवा जळके तेल चोळू नका, कातडी भाजते आणि कुत्रे चाटून आजारी पडते. कापलेल्या शेळ्यामेंढ्यांचे कच्चे अवयव कुत्र्याला घालू नका. त्यातून जंत कुत्र्यात आणि कुत्र्यातून माणसात येतात, मग यकृतात पाण्याच्या गाठी होतात. उंदराचे औषध आणि फवारणीचे पाणी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही, असे ठेवा.

निघायच्या दिवशी पहाटे मी पुन्हा त्या रस्त्याच्या टोकाला गेलो. कारकुनांनी वहीचे एक कोरे पान फाडून माझ्या हातात दिले. रकाने आखलेले होते. म्हणाले, "काका, गावाकडचं पहिलं पान तुमच्या कुत्र्याचं करा."

ते पान आता आमच्या ओसरीवर खुंटीला टांगले आहे. त्यावर आमच्या मोत्याची तारीख आहे, शेजारच्या वाघ्याची आहे आणि देवळापाशी बसणाऱ्या बेवारशी कुत्रीचीही आहे. वाचकहो, आपल्या ओसरीवरच्या खांबाला जे बांधलेले आहे, त्याला शेवटची लस केव्हा टोचली? आज संध्याकाळी भाकरीचा तुकडा टाकताना एवढे एकदा घरात विचारा. आणि जमले तर शेजाऱ्यालाही.