आपण आणि आम्ही

नोकरीची पहिली वर्षं दुसऱ्या गावी गेली. तिथे चौथीच्या वर्गात मी विचारलं, "आपण दिवाळीला काय काय करतो?" सगळे हात वर झाले. एक मुलगा मात्र खाली मान घालून वहीत रेघा ओढत राहिला. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आम्ही नाही करत."

त्याच्या 'आम्ही'नं मला माझं 'आपण' दाखवलं. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'त तो बाहेर राहतो, हे मीच फळ्यावर शिकवत होतो. त्या दिवशी मात्र बहुतेकांच्या घरांनाच मी सगळा वर्ग समजलो होतो.

नंतर वालूर गावच्या शाळेत आल्यावर एक पथ्य लावून घेतलं. सण-उपासनेबद्दल बोलताना 'आपण' म्हणायचं नाही. ज्यांच्या घरी रोजे असतात ते, बौद्ध कुटुंबांत, जैन मंडळी, असंच बोलायचं. 'हिंदू घरांत' म्हणायला जीभ सगळ्यात जास्त अडखळली. 'आपण' राखून ठेवलं ते वर्गाच्या कामासाठी: आपण बघू, आपण विचारू, आपण मोजू. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं 28 वं कलम सांगतं. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांची ओळख करून देणं वेगळं. माझ्यापुरता हा फरक एका सर्वनामात सांभाळला जातो.

आधी मी धर्म, संस्थापक, ग्रंथ असा तक्ता पाठ करून घ्यायचो. परीक्षेत मार्क मिळायचे आणि पुढच्या इयत्तेत तक्ता पुसला जायचा. आता घरून जुनी कॅलेंडरं आणायला सांगतो. 'कालनिर्णय'च्या एकेका पानावर किती घरांचे सण दाटीवाटीनं बसलेले असतात! बुद्धजयंती वैशाखी पौर्णिमेला, गुरू नानक जयंती कार्तिकी पौर्णिमेला, नाताळ मात्र दरवर्षी 25 डिसेंबरलाच. मग कोणीतरी विचारतंच, "रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत, असं का?" आपण मोजतो. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे 354 दिवस, म्हणजे सूर्याच्या वर्षाला अकराएक दिवस कमी. म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हिंदू पंचांग अधूनमधून अधिक महिना घालून ती तूट भरून काढतं, म्हणून दिवाळी सुगीच्या आसपासच राहते. चंद्र एकच, हिशेब दोन. कुठलाच चुकलेला नाही, हे गणितातून पटलं की वेगळं सांगावं लागत नाही.

नांदेडबद्दलही मी तक्त्यापासून सुरुवात करत नाही. जवळच्या सेलूहून रेल्वेनं तिथे जाऊन आलेली मुलं गुरुद्वाराच्या लंगरचं वर्णन चवीनं करतात. गुरू गोविंदसिंगांचं 1708 मध्ये तिथे निर्वाण झालं, हे मी नंतर सांगतो. नरसी गावाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे ऐकल्यावर वारकऱ्यांच्या घरातली मुलं सरसावून बसतात.

एकदा मोह झाला. गावच्या चक्राकार बारवेवर मुलांना नेलं होतं. गावकऱ्यांनी श्रमदानानं साफ केलेल्या, गोल फिरत उतरणाऱ्या त्या पायऱ्या पाहून मी म्हणून गेलो, "सगळे धर्मही असेच, शेवटी एकाच पाण्याकडे नेणारे." एका मुलीनं विचारलं, "मग इतके कशाला, सर?"

मी गप्प झालो. वेगळेपण तिला दिसत होतं आणि मी ते घाईघाईनं पाण्यात बुडवत होतो. कोणी मूर्तीपुढे हात जोडतो, कोणी मूर्तीच मानत नाही. हा फरक खरा आहे. मुलांना तो कळला म्हणून ती भांडत नाहीत. मोठ्यांनी तो लपवला की मात्र मुलांना काहीतरी वाईट असल्याचा वास येतो.

पथ्य अजून मोडतं. परवाच 'आपला पाडवा' तोंडातून निघून गेलं. त्याआधी, 29 व्या रोज्याच्या दिवशी शाळा सुटताना मागून प्रश्न आला होता, "सर, आपली ईद उद्या की परवा?" विचारणाऱ्याच्या घरी ईद नसते. त्याला शीरखुर्म्याचं आमंत्रण होतं.

"चंद्र दिसला तर उद्या," मी म्हणालो. "आपण बघू."