रंग पिल्लाचा, ओळख आईबापांची

अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पेस्टल मॉर्फचं, म्हणजे पेस्टल या रंगवाणाचं, बॉल पायथन अजगराचं पिल्लू लख्ख पिवळं असतं. दोन-तीन वर्षांत त्याच पिवळ्यावर अनेकदा तपकिरी झाक चढते. पाळणारे त्याला ‘ब्राउन आउट’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगल कार्पेट पायथनचं नेमकं उलटं. त्याचं पिल्लू मळकट, राखाडी-तपकिरी दिसतं आणि काळ्याभोर अंगावरचे पिवळेधमक पट्टे उजळायला वर्षं जावी लागतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसत असतील. अजगराचा रंग मात्र पाळण्यात दिसत नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क भागातला ग्रीन ट्री पायथन. याची पिल्लं पिवळी किंवा विटकरी-लाल जन्मतात आणि साधारण वर्षभराची झाली की हिरवी होतात. डेव्हिड विल्सन, रॉबर्ट हाइनसन आणि जॉन एंडलर यांनी २००७ मध्ये या बदलाचं कारण मांडलं. पिल्लं जंगलाच्या कडेला, जमिनीलगत लहान भक्ष्य शोधतात आणि तिथल्या पाला-गवतात पिवळा-लाल रंग लपतो. मोठे अजगर झाडांच्या शेंड्यांकडे जातात, तिथे हिरवा रंग लपतो. म्हणजे पिल्लाचा रंग पिल्लाच्या गरजेचा असतो. मोठेपणीच्या रंगाचं वचन त्यात नसतं.

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये, आयटी पार्कच्या आसपासच्या सोसायट्यांत पुण्या-कोल्हापुराकडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. अशा घरातल्या कुणाला अजगर पाळायचा असेल, तर पहिला प्रश्न कोणता अजगर, हा असतो. आपल्या सह्याद्रीतला अजगर त्यात येतच नाही. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. त्यामुळे निवड येऊन थांबते ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बॉल पायथनवर. हा जेमतेम तीन ते पाच फुटांचा, लाजाळू, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा प्राणी आहे.

जाणता पाळणारा पिल्लू हातात घेण्याआधी त्याचा मॉर्फ विचारतो, कारण प्रत्येक मॉर्फवर वयाचा परिणाम वेगळा होतो. अल्बिनो पांढरा-पिवळाच राहतो. त्यामागचं कारण अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं, तेही पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींमधून डीएनए काढून. अल्बिनोमध्ये टायरोसिनेज नावाच्या विकराचं जनुक बिघडलेलं असतं, आणि त्या विकराशिवाय काळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जे तयार होत नाही ते वयाबरोबर चढणार कुठून? पायबाल्डचे पांढरे भाग जन्माला येताना जिथे असतात तिथेच जन्मभर राहतात. बनाना मॉर्फचं पिल्लू स्वच्छ पिवळं आणि जांभळट असतं, पण वाढत्या वयात त्याच्यावर काळे ठिपके उमटतात. पेस्टलमध्ये तर एकाच विणीतली दोन भावंडं मोठेपणी वेगळी निघू शकतात. म्हणून अल्बिनो आणि पायबाल्ड पिल्लू पाहून घेता येतं. पेस्टल आणि बनाना घ्यायचा तर पिल्लापलीकडे पाहावं लागतं.

पलीकडे म्हणजे आईबापांकडे. आई आणि बाप, दोघांचेही मोठेपणीचे, दिवसाउजेडी काढलेले फोटो पाहायचे. शक्य असेल तर त्याच जोडीच्या आधीच्या विणीतली, आता दोन-तीन वर्षांची झालेली भावंडं पाहायची. सगळ्यांत जास्त तीच सांगतात. एखादं साधं दिसणारं पिल्लू ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकलं जातं. त्याचा अर्थ, दोन्ही पालकांत लपलेलं जनुक एकेरी आहे आणि ते या पिल्लात उतरण्याची शक्यता तीनातली दोन आहे. खात्री नाही. शिवाय ते उतरलं तरी या पिल्लाच्या अंगावर रंग दिसणार नाही. दिसला तर त्याच्या संततीत.

पिल्लू स्वतः पाहायचं तेही योग्य दिवशी. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळे होतात आणि सारं अंग फिकं पडतं. कात टाकल्यावर तोच प्राणी सर्वांत तेजस्वी दिसतो. यातल्या कोणत्याही एका दिवशी पाहून निर्णय घेणं चुकीचं. पैठणीचा रंग दुकानातल्या दिव्याखाली न पाहता दारात नेऊन पाहतात, तसं पिल्लूही खिडकीजवळच्या उजेडात पाहावं, कारण रंगीत एलईडीखाली तपकिरीही सोनेरी भासतो. पेस्टलमध्ये पिवळ्यात करडेपणा मिसळलेला नाही ना, आणि काळ्या-पिवळ्याची सीमा स्वच्छ आहे ना, हे बघायचं.

यानंतर रंग बाजूला ठेवायचा. तोंडाशी बुडबुडे, डोळ्यांभोवती किंवा हनुवटीखाली काळे बारीक किडे, शेपटीत बाक, हातात सैल पडणारं अंग यातलं काहीही दिसलं तर पिल्लू परत ठेवायचं. ते स्वतःहून किती वेळा जेवलं आणि काय जेवलं, याची नोंद मागायची. बॉल पायथन आठवडेच्या आठवडे उपाशी राहण्यासाठी प्रसिद्ध आहे. स्पायडर नावाचा मॉर्फ दिसायला फार देखणा, नाजूक जाळीची नक्षी असलेला. पण त्या नक्षीच्या जनुकासोबतच आतल्या कानातला दोष येतो. डोकं थरथरतं, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. नक्षीसाठी एका जिवाला जन्मभर तोल हरवून जगायला लावणारी निवड जाणत्या पाळणाऱ्याने करू नये.

निवडलेला रंग टिकवायचा तर व्हाइटफील्डची हवा सांभाळावी लागते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांपर्यंत उतरतो. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास ऊब लागते, शिवाय हवेत ओलावा लागतो. थर्मोस्टॅट नसलेली हीटिंग मॅट अंग भाजते. कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि चिकटून राहिलेल्या कातीखाली उत्तम वंशाचा रंगही निस्तेज दिसतो.

आईबापांचा प्रश्न रंगापुरता नाही, तो कायद्याचाही आहे. इंडोनेशियातून ‘पैदास केलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या ग्रीन ट्री पायथनचा डॅनियल नॅटुश आणि जेसिका लायन्स यांनी २००९ ते २०११ या काळात माग काढला, तेव्हा त्यातले किमान ८० टक्के जंगलातून पकडलेले असल्याचं त्यांना आढळलं. बेंगळुरूच्या केम्पेगौडा विमानतळावर ऑगस्ट २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या सामानात २३४ प्राणी सापडले. त्यात अजगरही होते आणि गुदमरून मेलेलं कांगारूचं पिल्लू होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथेच दहा पिवळे अ‍ॅनाकोंडा सापडले. बाजारात अवचित येणाऱ्या स्वस्त, झळाळत्या पिल्लांपैकी काही याच वाटेने आलेली असू शकतात.

वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम आले. साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला परदेशी प्राणी, म्हणजे बॉल पायथनही, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. त्याचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर यांचीही नोंद लागते.  त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याकडे आईबापांचे फोटोही असतात आणि कागदही.

बॉल पायथन तीस वर्षंही जगू शकतो. व्हाइटफील्डमध्ये नोकरी बदलेल, घर बदलेल, मुलं शिकून बाहेर पडतील. तो तिथेच असेल. एवढ्या सोबतीची निवड घाईने करू नका. विक्रेत्याकडून आई पाहा, बाप पाहा, नोंदणीचा कागद पाहा, जेवणाची नोंद पाहा. यातलं एकही दाखवायला त्याने टाळाटाळ केली, तर समोरचं पिल्लू कितीही पिवळंधमक असलं तरी रिकाम्या हाताने परत या.