चाकाचा घेर

टायरवर काय लिहिलंय हे बहुतेकांना टायर बदलायची वेळ आली की पहिल्यांदा दिसतं. माझ्या जुन्या थारवर लिहिलं होतं २३५/७० आर १६. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम सोळा इंची. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत कोंबणाऱ्या माणसाला आमच्या बाबांनी आपल्या शॉपमध्ये उभं केलं नसतं. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते, आणि निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात मोजपट्टी असतेच.

टायर हे आमचं पहिलं वाहन. सायकलचा टाकून दिलेला टायर काठीने पिटाळत आम्ही पोरं-पोरी वसाहतीतून सुसाट सुटायचो. विम्को नाक्याच्या अलीकडे आईने घालून दिलेली हद्द संपायची. तिथून टायर वळवणं हे खरं कसब. तो हळू झाला की डुगडुगतो आणि आडवा होतो, म्हणून वेग न सोडता काठी आतल्या बाजूने लावावी लागते. पुढे बदलापूरला उल्हास नदीत पोहायला शिकले ती ट्रकच्या ट्यूबवर. ट्यूबने बुडू दिलं नाही, पण तिच्या व्हॉल्व्हने पोट मात्र ओरबाडून काढलं.

जीप आमच्या भागाला नवी नव्हती. शेजारचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर त्या बरॅकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ मध्ये छावणीला शहराचं नाव मिळालं. त्या युद्धातल्या विलीज जीपचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. आज कल्याण-बदलापूर रस्त्यावर काँक्रीट सोडून कधी खाली न उतरलेल्या ज्या थार दिसतात, त्यांच्या टायरांपुढे हे सायकलचे वाटतील. पण पातळ चिखलात अरुंद टायर वरचा राडा कापत खालच्या घट्ट जमिनीला पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो. वाळूत ते हवंहवंसं, भाताच्या खाचरात नेहमीच नाही. मुरबाडच्या बाजूला माणसं कोंबून धावणाऱ्या जुन्या कमांडर जीपचे टायर तर पार गोटा झालेले असत. एकदा रुतलेल्या गाडीतून उतरून ड्रायव्हरने चावीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबून चारही चाकांची हवा निम्मी सोडली होती, ते पाहिलेलं आठवतं. टायर पसरला, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबला आणि गाडी निघाली. फुकटात.

मग मी मोठे टायर का घेतले? बारवी धरणाच्या पलीकडे आमची थोडी भातशेती आहे. तिथल्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल जातात की मधला उंचवटा मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला घासतो. स्प्रिंगा बदलून गाडी उंच करून देणारे पुष्कळ आहेत. त्याने वर जाते ती बॉडी. गोळा होता तिथेच राहतो. त्याला जमिनीपासून उचलतं ते चाक, आणि तेही व्यासाच्या वाढीच्या निम्मंच. मी निवडलं २४५/७५ आर १६. व्यास ७३५ वरून ७७४ मिलिमीटर, म्हणजे गोळा वर गेला एकोणीस मिलिमीटर. एक बोटभर.

दुकानदार म्हणाला, "ताई, एवढा खर्च करताय तर २६५ टाका, गाडी रुबाबदार दिसेल." रुबाबाचं माप बाबांच्या पट्टीत नाही. त्यांनी खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण केली आणि गाडी एक फेरा पुढे ढकलायला लावली. हिशेबाने घेर २४३१ यायला हवा. जमिनीवर तो थोडा कमी भरला, कारण गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो. बाबांना त्या फरकाचा फारच आनंद झाला. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून मडगार्डला कुठे घासतं का ते पाहून झालं. टायर चार नव्हे, पाच घेतले. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली आणि तीच लावून फोर बाय फोर टाकला, तर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

त्या एकोणीस मिलिमीटरची किंमत सगळ्या गाडीने वाटून घेतली. स्पीडोमीटरला घेर वाढल्याचं कुणी सांगितलेलं नाही, तो साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने जात असते. माळशेजच्या चढाला पूर्वी तिसऱ्यावर निघायची, आता दुसरा टाकावा लागतो. डिझेल जास्त लागतं, ब्रेकला जास्त वजन थांबवावं लागतं, मागच्या दाराच्या बिजागऱ्या जड स्टेपनीने कुरकुरतात. आणि आई. ज्या गोळ्यासाठी हा खटाटोप केला त्याला फरक पडला की नाही यावर वाद होऊ शकतो, तिच्या गुडघ्यांना तो पहिल्याच दिवशी कळला. सीटखाली तेव्हापासून एक लाकडी पाट असतो.

पुराच्या पाण्यात तर मोठ्या टायरचा भरवसा धरूच नये. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली होती, तिथे एक बोट उंचीने काय होणार? टायरात हवा असते, वाहत्या पाण्यात ती गाडीला उचलायलाच मदत करते.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. पुढे २०२० च्या थारच्या काही प्रकारांना कंपनीनेच २४५/७५ आर १६ दिले, पण माझी गाडी आधीची. टायर घालण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारलं होतं. ते पत्र कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या खणात आहे.

यंदा हेही टायर बदलायचे आहेत. नक्षी अजून शिल्लक आहे, पण बाजूवर छापलेले आठवडा आणि वर्षाचे चार आकडे जुने झाले, रबर कडक पडलंय. मुलाला तेहतीस इंची हवेत. मी त्याला आधी हवा मोजायचा गेज आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घ्यायला सांगितलाय. चिखलात अठरा-वीस पीएसआयवर गाडी कशी चालते ते एक पावसाळाभर बघ, मग माप ठरवू. बाबांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, पुन्हा २३५ घाला, म्हणजे स्पीडोमीटर तरी खरं बोलेल.