झोपू द्या हो त्यांना!

मैत्रिणींनो, आजाऱ्याची सेवा बाईला कुणी शिकवावी लागत नाही, असं मला वाटायचं. मऊ भात, कोमट पाणी, पाठीशी उशी, आणि कुणी मोठ्यानं बोललं की तोंडावर बोट! पण ह्याच सेवेनं मी ह्यांना पुन्हा आजारात लोटलं. ती गोष्ट सांगते.

२०२३ च्या पावसाळ्यात ह्यांना न्यूमोनिया झाला. फुप्फुसाच्या बाहेरून पू साठला आणि त्याची जाड साल फुप्फुसावर धरली. साताऱ्याहून पुण्याला नेलं, ऑपरेशन करून ती साल काढली. डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. आता फुप्फुस फुलवायचं काम ह्यांचं." मी मान डोलावली, पण अर्थ काही कळला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी येऊ लागली. ह्यांना उठवून बसवायची, खोल श्वास घ्यायला लावायची, मुद्दाम खोकायला सांगायची. कुशीत टाके, शेजारी नळी; खोकताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई तर पदर डोळ्याला लावून बाहेर जायच्या. तिसऱ्या दिवशी मीच दारात आडवी आले. "आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या हो त्यांना!" संध्याकाळीही तेच. रात्री खोकल्याची उबळ आली, ती घोटभर पाणी पाजून मीच दाबायला लावली.

चौथ्या दिवशी ताप चढला, धाप लागली. छातीच्या फोटोत फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला दिसला.

ती मुलगी रागावली नाही. म्हणाली, "ताई, फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारख्या हवेच्या बारीक पिशव्या असतात. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग खाली हवा पोचत नाही, कफ साचतो, पिशव्या मिटतात. त्या कफात जंतू वाढतात. खोकला आतलं घर झाडतो. त्याला अडवू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका! रडतं म्हणून पोराला पाढे माफ करू नयेत, हे आयांना मीच सांगते.

मग मीच शिस्त लावली. दुखणं कमी करणारं औषध वेळेवर द्यायचं आणि ते लागू पडलं की व्यायाम. ताठ बसून, पोटावर हात ठेवून, पोट फुगेल असा नाकानं श्वास. मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायची. दुखणं पुष्कळ कमी होतं. ऑपरेशनच्या बाजूचा हात आखडू नये म्हणून बोटांनी भिंत 'चढायची'.

तीन चेंडूंचं ते यंत्र तुम्ही पाहिलं असेल. २०२०-२१ च्या कोरोनात पुष्कळ घरांत आलं आणि माळ्यावर गेलं. आम्ही आधी त्यात फुंकत होतो! ते फुंकायचं नसतं. श्वास आत ओढून चेंडू उचलायचा आणि दोन-तीन सेकंद धरायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, असं आम्हाला सांगितलं होतं. चक्कर आली तर थांबायचं. मात्र दुसऱ्याचं वापरलेलं यंत्र तोंडाला लावू नका, आणि तुमच्या माणसाला काय नि किती करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ताप, वाढती धाप किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

ताप उतरला. दहाव्या दिवशी दुसरा चेंडू हलला, घरी आल्यावर तिसरा. मुलानं टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

एका दुपारी ह्यांना गाढ झोप लागली होती. मला उठवायचा धीर होईना. तेवढ्यात आतून सासूबाईच म्हणाल्या, "अगं, तास झाला ना? उठव त्याला."